छायाचित्रांवरून वेगळ्या कुरवाची ओळख

थव्यात वेगळा दिसणारा कुरव, म्हणजेच सीगल, नेमका कोणत्या जातीचा हे छायाचित्रांवरून ठरवणे हे पक्षीनिरीक्षणातले किचकट काम आहे. एकाच जातीचे कुरव वयाप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे रूप पालटतात. लहान आकाराच्या जातींना प्रौढ पिसारा यायला साधारण दोन वर्षे लागतात, मोठ्या आकाराच्या जातींना चार. म्हणून आधी वय आणि मग जात, हाच क्रम धरावा. दुर्मिळ वाटलेला पक्षी पुष्कळदा नेहमीच्याच जातीचा, पण कोवळ्या वयाचा निघतो.

गेटवेहून मांडव्याला निघालेल्या लाँचमागे किंवा भिगवणच्या होड्यांभोवती हिवाळ्यात जे कुरव घिरट्या घालतात, त्यांत तपकिरी डोक्याचे आणि काळ्या डोक्याचे दोन्ही असतात. या दिवसांत दोघांचेही डोके पांढरे झालेले असते, कानामागे फक्त गडद ठिपका उरतो. तेव्हा पाहायचे ते पंखाचे टोक. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड पांढरीशुभ्र असते आणि काळेपणा पिसांच्या टोकांपुरताच असतो. प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाचे टोक चांगले रुंद काळे असते आणि त्यात ठळक पांढरे ठिपके दिसतात. त्याचे बुबुळही फिकट असते. कोवळ्या पक्ष्यात मात्र ठिपके नसतात आणि बुबुळही गडद असते. बहुतेक घोटाळे इथेच होतात. म्हणून बसलेल्या पक्ष्याच्या दहा देखण्या छायाचित्रांपेक्षा पूर्ण उघडलेल्या पंखाचे एक धूसर छायाचित्र जास्त उपयोगी पडते. पंख उघडलेले मिळावेत म्हणून शेव-गाठिया टाकणे मात्र अयोग्य. ते पक्ष्यांचे अन्न नव्हे.

मोठ्या कुरवांत पाठीच्या करड्या रंगाला महत्त्व आहे. ह्यूग्लिन कुरवाची पाठ गडद, स्टेप कुरवाची त्याहून फिकी. पण भर दुपारच्या उन्हात गडद पाठही फिकी उमटते आणि ढगाळ हवेत उलटे होते. त्यामुळे त्याच चौकटीत ओळखीचा दुसरा कुरव असेल तरच रंगाची तुलना करावी. आकाराचेही तसेच: लांब लेन्समुळे मागचा पक्षी उगाच मोठा भासतो. तारीखही पुरावाच असते. ह्यूग्लिन कुरवाची पंखातली पिसे उशिरा बदलतात. ऐन हिवाळ्यातही बाहेरची पिसे अर्धवट वाढलेली असल्याने टोक बोथट दिसते आणि त्यावरचे पांढरे ठिपके सापडत नाहीत.

खरोखर वेगळा पाहुणा म्हणजे तांबडा समुद्र आणि अरबस्तानच्या किनाऱ्यावरचा सूटी गल. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर तो क्वचितच येतो. प्रौढाचे डोके गडद तपकिरी, मानेवर पांढरा पट्टा, लांब जाड चोच हिरवट-पिवळी आणि तिच्या टोकाशी काळा पट्टा व लाल टोक. अशी चोच स्पष्ट आलेली असेल तर बाकीच्या खुणा दुय्यम ठरतात. कोवळ्या सूटी गलची चोच मात्र करडी आणि काळ्या टोकाची असते. तिथे पुन्हा पंख आणि शेपूट उघडलेले छायाचित्रच शोधावे लागते, आणि तेही मूळ, रंग न बदललेले.