चुंबक, प्रकाश आणि कडाक्याची थंडी : लँथनाइडांच्या अंतरंगाचा माग

मोरचुदाच्या पाण्यात अमोनिया टाकला की फिकट निळा रंग एकदम गडद होतो. तांब्याच्या अणूभोवतीचे शेजारी बदलले, की त्याचा रंगही बदलतो. निओडिमियम या लँथनाइड धातूच्या जांभळट क्षाराचं तसं होत नाही. शेजारी कोणीही येवो, त्याच्या वर्णपटातल्या बारीक काळ्या रेषा जवळजवळ जागच्या हलत नाहीत. लँथनाइडांचे, म्हणजे लँथनमपासून सुरू होणाऱ्या दुर्मिळ मृदा धातूंचे, 4एफ नावाच्या आतल्या कप्प्यातले इलेक्ट्रॉन बाहेरच्या कवचांआड दडलेले असतात, म्हणून हे घडतं. शेजाऱ्यांचा परिणाम होतो, पण अगदी हलका. तो हेरायचा कसा, हा या साऱ्या इतिहासातला खरा प्रश्न.

चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो, हे मायकेल फॅरडे यांनी 13 सप्टेंबर 1845 रोजी पाहिलं. भिंगांसाठी पूर्वी बनवलेली शिसेयुक्त जड काच त्यांनी चुंबकाच्या ध्रुवांपाशी ठेवली, आणि तिच्यातून जाणाऱ्या ध्रुवित, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या, प्रकाशाचं प्रतल फिरलं. 1896 मध्ये लायडनला पीटर झीमन यांना चुंबकक्षेत्रात सोडियमच्या रेषा रुंदावलेल्या दिसल्या. त्यांचे गुरू, भौतिकशास्त्रज्ञ लोरेंट्झ यांनी त्याचा अर्थ लावला आणि 1902 चं नोबेल दोघांना मिळालं.

लँथनाइडांकडे हे तंत्र वळवलं झाँ बेक्वेरेल यांनी. किरणोत्सर्गाचा शोध लावणाऱ्या हेन्री बेक्वेरेल यांचे हे चिरंजीव. वडिलांच्या नावाखाली त्यांचं काम झाकोळलं गेलं, हे मला फार अन्यायाचं वाटतं. 1906 पासून ते झेनोटाइम आणि टायसोनाइट या दुर्मिळ मृदा खनिजांचे स्फटिक चुंबकात ठेवून त्यांतून येणारा प्रकाश तपासत होते. स्फटिक द्रवरूप हवेत थंड केला की रेषा आणखी बारीक होतात, हे त्यांच्या लक्षात आलं. मग 1908 मध्ये लायडनच्या कामरलिंग ओनेस यांच्याबरोबर द्रवरूप हायड्रोजनमध्ये, उणे 250 अंशांच्या आसपास, प्रयोग झाले.

काही रेषा मात्र अपेक्षेच्या उलट दिशेला सरकत होत्या. त्यावरून स्फटिकात धन इलेक्ट्रॉन असावेत, असा तर्क बेक्वेरेल यांनी केला. तो चुकला; निरीक्षण अचूक होतं. अणूंच्या पातळीवरचे नियम सांगणारी पुंजयामिकी अजून जन्माला यायची होती, त्यामुळे उलगडा होणं शक्यच नव्हतं.

तो झाला 1929 मध्ये. भौतिकशास्त्रज्ञ हान्स बेटे यांनी स्फटिकातल्या शेजारी आयनांच्या, म्हणजे विद्युतभारित अणूंच्या, विद्युतक्षेत्रामुळे इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या कशा दुभंगतात याचं गणित मांडलं. पुढच्याच वर्षी डच भौतिकशास्त्रज्ञ क्रामर्स यांनी, झाँ बेक्वेरेल आणि लायडनचे डी हास यांच्या अतिशीत मोजमापांचा अर्थ लावताना, एक नियम दाखवला : इलेक्ट्रॉनांची संख्या विषम असेल तर पातळ्या जोडीनेच राहतात, ती जोडी विद्युतक्षेत्राने तुटत नाही, चुंबकक्षेत्राने तुटते. डिस्प्रोसियम या लँथनाइडाच्या, तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या आयनात असे नऊ एफ इलेक्ट्रॉन आहेत, आणि आज चुंबकीय रेणूंच्या संशोधनात त्याला एवढा मान आहे, त्यामागे हाही एक आधार आहे.

चुंबकक्षेत्रात ठेवलेला नमुना डावीकडे आणि उजवीकडे फिरणारा वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश कमीजास्त शोषतो; या फरकाला चुंबकीय वर्तुळाकार द्विवर्णता, म्हणजे एमसीडी, म्हणतात. 1966 मध्ये बकिंगहॅम आणि स्टीफन्स यांनी तिच्या संकेताची ए, बी आणि सी अशी तीन पदांत मांडणी केली. सी पद तापमानावर अवलंबून असतं. थंडीत सर्वांत खालच्या पातळीत जास्त आयन जमतात, त्यामुळे डाव्या आणि उजव्या वर्तुळाकार प्रकाशाच्या शोषणातला फरक वाढतो. तो फरक क्षेत्र वाढवताना कसा वाढत जातो आणि कुठे थांबतो, यावरून तळातल्या पातळीचा चुंबकीय स्वभाव काढता येतो. साधी चुंबकमापी सगळ्या नमुन्याची बेरीज सांगते. प्रकाश एकेका संक्रमणाला, म्हणजे पातळ्यांमधल्या एकेका उडीला, वेगळं विचारतो.

स्फटिकांकडून रेणूंकडे येण्याची निकड वाढली ती 2003 नंतर. नाओतो इशिकावा आणि सहकाऱ्यांनी टर्बियम हा लँथनाइड व फ्थॅलोसायनिन या सपाट सेंद्रिय रेणूच्या दोन चकत्या मिळून बनलेला एकच रेणू चुंबकासारखा वागतो, हे दाखवलं. 2017 मध्ये डिस्प्रोसियमच्या एका रेणूने 60 केल्व्हिनपर्यंत (उणे 213 अंश सेल्सिअस) चुंबकत्व धरून ठेवलं, 2018 मध्ये दुसऱ्याने 80 पर्यंत. म्हणजे द्रवरूप नायट्रोजनच्या 77 केल्व्हिन या उत्कलनबिंदूच्या वर. या रेणूंत पातळ्या किती अंतरावर दुभंगल्या, ते कळल्याशिवाय पुढचा रेणू नेमका कसा बांधायचा, ते ठरवता येत नाही.

एमसीडीने ते मोजताना प्रयोगशाळेत मात्र सगळी कसोटी नमुना गोठवताना लागते. द्रावण गोठून स्वच्छ काचेसारखं व्हावं लागतं. त्याला एक तडा गेला, तरी प्रकाशाचं ध्रुवीकरण बिघडतं आणि मोजमाप पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.