डेटाइम एमी पुरस्कार

अमेरिकी दूरचित्रवाणीवरील दिवसाच्या कार्यक्रमांना दिला जाणारा पुरस्कार. २०२१ पर्यंत ‘दिवसाचे’ म्हणजे साधारणपणे रात्री २ ते संध्याकाळी ६ या वेळेत दाखवलेले. टॉक शोही यात येतात, पूर्वी गेम शोही येत, पण पुरस्काराची खरी ओळख दैनंदिन मालिकांमुळे, म्हणजे सोप ऑपेरांमुळे झाली. साबण कंपन्यांनी रेडिओ मालिका प्रायोजित केल्या, त्यावरून हे नाव पडले.

१९७४ पूर्वी या मालिका मुख्य एमी सोहळ्यातच एका कोपऱ्यात असत. १९७२ मध्ये ‘द डॉक्टर्स’ला तिथेच पुरस्कार मिळाला. १९७३ मध्ये मेरी फिकेट ही एमी मिळवणारी दिवसाच्या मालिकांतील पहिली कलाकार ठरली. २८ मे १९७४ रोजी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये पहिला स्वतंत्र सोहळा झाला. सर्वोत्तम मालिका पुन्हा ‘द डॉक्टर्स’. मुख्य अभिनयाचे पुरस्कार एलिझाबेथ हबर्ड आणि मॅकडोनाल्ड केरी यांना मिळाले. १९७७ मध्ये हे पुरस्कार देणारी दूरचित्रवाणी अकादमी फुटली: प्राइमटाइम, म्हणजे संध्याकाळनंतरच्या कार्यक्रमांचे पुरस्कार, हॉलिवूडच्या संस्थेकडे गेले, डेटाइम न्यूयॉर्ककडे राहिले. सहायक कलाकारांचे गट १९७९ मध्ये आले, तरुण कलाकारांचे १९८५ मध्ये.

मेख निवडपद्धतीत आहे. आठवड्याला पाच याप्रमाणे मालिकेचे वर्षाला सुमारे २५० भाग होतात. परीक्षकांना इतके पाहणे शक्य नसते, म्हणून कलाकार निवडक भाग किंवा प्रसंग पाठवतो आणि त्यावरच निकाल लागतो. त्यामुळे मृत्यू, कबुलीजबाब, आक्रोश असे प्रसंग उठून दिसतात. महिनोन्‌महिने मुरत गेलेली भूमिका दोन-चार प्रसंगांत मावत नाही. निवड चुकली तर वर्षभराचे काम परीक्षकांपर्यंत पोहोचतच नाही.

अभिनेत्री सुझन लुची हे या पुरस्कारातले सर्वांत गाजलेले नाव. ‘ऑल माय चिल्ड्रन’मधील एरिका केनसाठी १९७८ मध्ये तिला पहिले नामांकन मिळाले आणि त्यानंतर ती अठरा वेळा हरली. हरणे हीच तिची प्रसिद्धी झाली. विनोदी कार्यक्रमांना तो हुकमी विषय मिळाला. २१ मे १९९९ रोजी अभिनेता शेमार मूरने पाकीट उघडले आणि नाव घेण्याआधीच पराभवांची ही मालिका आता खंडित झाल्याचे जाहीर केले. सभागृह उभे राहिले, टाळ्या थांबेनात. एकूण २१ नामांकनांत तिला मिळालेला हा एकच स्पर्धात्मक पुरस्कार. याउलट अँथनी गिअरीने ‘जनरल हॉस्पिटल’साठी मुख्य अभिनेत्याचा पुरस्कार आठ वेळा नेला.

नव्वदीच्या दशकात उपग्रह वाहिन्यांमुळे ‘सँटा बार्बरा’ आणि ‘द बोल्ड अँड द ब्युटिफुल’ भारतातही घरोघरी पोहोचल्या. पैकी पहिली १९८८ ते १९९० अशी सलग तीन वर्षे विजेती ठरली होती.

मग मालिकाच आटल्या. ‘गायडिंग लाइट’ २००९ मध्ये, ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’ २०१० मध्ये, ‘ऑल माय चिल्ड्रन’ २०११ मध्ये बंद झाली. स्पर्धक चारच उरल्यावर नामांकन ही जवळजवळ हजेरी होते. वाहिन्यांचा रसही गेला: २०१४ चा सोहळा फक्त इंटरनेटवर दिसला. डिसेंबर २०२१ मध्ये अकादम्यांनी प्रक्षेपणाच्या वेळेऐवजी कार्यक्रमाचा प्रकार हा निकष ठरवला. पुढच्याच वर्षी ‘डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’ एनबीसी ही वाहिनी सोडून पीकॉक या इंटरनेटवरील सेवेवर गेली. आता तिला प्रक्षेपणाची ठरलेली वेळच नाही, तरी ती डेटाइममध्येच स्पर्धा करते.