न्यूयॉर्कमध्ये शाळेचा झोन बदलला तर किंडरगार्टनच्या प्रवेशाचं काय? पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

न्यूयॉर्क शहरात बहुतेक ठिकाणी सरकारी प्राथमिक शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते. शाळेत मुलं मावेनाशी झाली की तिचा झोन नव्याने आखतात. मग घर तेच राहतं, शाळा बदलते. म्हणून ‘हे घर अमुक शाळेच्या झोनमध्ये आहे’ असं एजंट म्हणाला, तरी करारावर सही करण्याआधी शिक्षण विभागाच्या साइटवर पत्ता टाकून बघा किंवा ३११ या शहराच्या हेल्पलाइनला फोन करा. शिवाय त्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (शाळांसाठी पाडलेल्या शहराच्या विभागात) झोन बदलण्याचा प्रस्ताव चालू आहे का, हेही विचारा. हा दुसरा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही.

झोन कोण बदलतं?

शहरात ३२ स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. प्रस्ताव शिक्षण विभागाचा असतो, पण मंजुरी त्या डिस्ट्रिक्टच्या कम्युनिटी एज्युकेशन कौन्सिलची, म्हणजे मुख्यतः पालकांच्या स्थानिक मंडळाची, लागते. प्रस्ताव रीतसर सादर झाला की कौन्सिलला ४५ दिवसांत मतदान करावं लागतं. सुनावणी जाहीर असते. नाव नोंदवून कोणीही बोलू शकतं, नागरिकत्वाची अट नाही.

ब्रुकलिनचं उदाहरण बघा. ब्रुकलिन हाइट्समधली पी.एस. ८ (पी.एस. म्हणजे पब्लिक स्कूल, सरकारी शाळा) इतकी भरली होती की २०१५ मध्ये झोनमध्ये राहणारी मुलंही प्रतीक्षा यादीत अडकली. जवळच्याच पी.एस. ३०७ मध्ये जागा होती. तिथे फॅरागट हाउसेस या सरकारी वसाहतीतली, मुख्यतः कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलं शिकत. डम्बो आणि व्हिनेगर हिल हे पी.एस. ८ च्या झोनमधले भाग पी.एस. ३०७ कडे द्यायचा प्रस्ताव आला, तेव्हा दोन्हीकडचे पालक बिथरले. डम्बोवाल्यांना पी.एस. ८ सोडायची नव्हती. फॅरागटवाल्यांना भीती होती की पैसेवाली कुटुंबं आली की आपल्याच शाळेत आपण परके होऊ. माझ्या मते ही दुसरी भीती जास्त रास्त होती, आणि तिची दखल उशिरा घेतली गेली. जानेवारी २०१६ मध्ये कौन्सिलने बदल मंजूर केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मॅनहॅटनच्या अप्पर वेस्ट साइडलाही पी.एस. १९९ आणि पी.एस. १९१ यांच्या हद्दी अशाच वादानंतर बदलल्या.

तुमच्या मुलाला काय लागू होतं?

शाळेत आधीपासून शिकणाऱ्या मुलांना झोन बदलला म्हणून सहसा काढत नाहीत. नवी रेषा पुढच्या प्रवेशांना लागू होते. खरी गोम धाकट्या भावंडांची असते. थोरली जुन्या शाळेत आणि धाकटा नव्या झोनमध्ये, अशा वेळी भावंडाचा अग्रक्रम टिकतो का आणि कोणत्या वर्षापासून बदल लागू, हे ठरावातच लिहिलेलं असतं. नकाशाआधी ते वाचा. भावंड म्हणजे एकाच घरात राहणारं सख्खं, सावत्र किंवा दत्तक. चुलत-मावस भावंडं एका छताखाली राहत असली तरी धरत नाहीत.

वयाची अट सोपी आहे: ज्या कॅलेंडर वर्षात मूल पाच वर्षांचं होतं, त्या सप्टेंबरला किंडरगार्टन. व्हिसा किंवा इमिग्रेशनची स्थिती शाळा विचारू शकत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२ च्या ‘प्लायलर विरुद्ध डो’ निकालामुळे अशा स्थितीकडे न बघता सरकारी शाळेत शिकण्याचा हक्क सगळ्या देशात आहे.

कागदपत्रं

पत्त्याचे दोन वेगवेगळे पुरावे लागतात. घरभाड्याचा करार किंवा मालकीचा कागद, आणि सोबत गेल्या ६० दिवसांतलं गॅस वा विजेचं बिल ही जोडी सर्वांत निर्धोक. पगाराची पावती चालते, पण कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र चालत नाही. आपली बरीच मंडळी एचआरकडून नेमकं तेच आणतात. दुसऱ्याच्या घरात राहत असाल, करार तुमच्या नावावर नसेल, तर निवासाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि त्यावर मूळ भाडेकरू किंवा घरमालकाची सही लागते. वयासाठी जन्मदाखला किंवा पासपोर्ट. महापालिकेचा दाखला फक्त मराठीत असेल तर सरळ पासपोर्ट द्या. लसीकरणाची नोंद भारतातली असली तर इथल्या डॉक्टरांकडून ती इथल्या फॉर्मवर उतरवून घ्या.

अर्ज

‘मायस्कूल्स’ या पोर्टलवर, फोनवर किंवा फॅमिली वेलकम सेंटरमध्ये जाऊन अर्ज करता येतो. साधारणपणे डिसेंबर-जानेवारीत खिडकी उघडी असते. पसंतीक्रमाने १२ शाळा भरता येतात. आधी अर्ज केला म्हणून आधी जागा मिळत नाही, त्यामुळे पहिल्याच दिवशी घाई नको. झोनच्या शाळेत तुम्हाला अग्रक्रम असतो, हमी नसते; ती भरली तर दुसऱ्या शाळेची ऑफर येते. ऑफर मिळालेल्या शाळेच्या वर ज्या शाळा लिहिल्या असतील, त्यांच्या प्रतीक्षा यादीत मूल आपोआप जातं. मिळालेली जागा स्वीकारली तरी त्या यादीतलं नाव जात नाही, तेव्हा मिळालेली जागा आधी पक्की करा.