पॅप नॉर्मल, एचपीव्ही पॉझिटिव्ह: चूक कोणत्याच लॅबची नाही

पॅप स्मीअर या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची ओळख करून देण्यात फार शब्द घालवत नाही. गर्भाशयमुखावरून ब्रशने पेशी घेतल्या जातात, रंगवल्या जातात आणि पॅथॉलॉजिस्ट त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. एचपीव्ही म्हणजे ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, या कर्करोगामागचा विषाणू; त्याच्या डीएनए चाचणीसाठीही तसाच ब्रश लागतो, आणि नमुना द्रवात घेतला असेल तर दोन्ही चाचण्या एकाच बाटलीतून होतात. त्यामुळे नाशिकमधल्या लॅबच्या काउंटरवर ‘पॅप झाली, म्हणजे एचपीव्हीही झाली ना?’ हा प्रश्न हमखास ऐकू येतो. झालेली नसते, ती वेगळी लिहून द्यावी लागते आणि तिचे पैसेही वेगळे पडतात.

खरी फसगत होते ती दोन्ही रिपोर्ट एकदम हातात पडल्यावर. एका कागदावर ‘एनआयएलएम’ असे लिहिलेले असते, म्हणजे पाहिलेल्या पेशींत कर्करोगाचे किंवा त्याच्या पूर्वावस्थेचे बदल नाहीत. दुसऱ्यावर ‘हाय रिस्क एचपीव्ही डिटेक्टेड, टाइप 16’ अशी ओळ असते. मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, पॅप नॉर्मल आहे, विषय संपला. दुसरा म्हणतो, कॅन्सर निघाला. तिसरा कोणी तरी गंगापूर रोडवरच्या आणखी एका लॅबमध्ये ‘खात्री करून घ्यायला’ पाठवतो. तिघेही चुकतात, कारण दोन कागदांत मुळात विरोधच नसतो: पॅप पेशींचे रूप पाहते, एचपीव्ही चाचणी विषाणूचा डीएनए शोधते. द्राक्षबागेत पोचलेले डाऊनी या बुरशीजन्य रोगाचे बीजाणू आणि पानावर उमटलेला तेलकट डाग यांत जो फरक बागाइतदार सहज करतो, तोच इथे करायचा आहे.

एचपीव्हीचे 200हून अधिक प्रकार ज्ञात आहेत आणि त्यांतल्या साधारण 14 प्रकारांना धोक्याचे मानतात. यांतल्या एखाद्याचा संसर्ग झाला तरी बहुतेक स्त्रियांचे शरीर तो दोनेक वर्षांत स्वतःच काबूत आणते, आणि नंतर चाचणीही निगेटिव्ह येते. थोड्या जणींमध्ये मात्र तो टिकून राहतो. तिथे विषाणूची ई6 आणि ई7 ही प्रथिने पेशीची वाढ रोखणारी यंत्रणा निकामी करतात: ई6मुळे पी53 हे रक्षक प्रथिन नष्ट होते, तर ई7 आरबी या दुसऱ्या रक्षकाला बांधून ठेवते. तरीही पूर्वावस्थेतून कर्करोगापर्यंत पोचायला सहसा 10 ते 20 वर्षे लागतात. म्हणून एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे. आणि जवळजवळ प्रत्येक गर्भाशयमुखाच्या कर्करोगात हा विषाणू सापडतो, हेही तितकेच खरे आहे. ही दोन वाक्ये एकाच वेळी खरी असू शकतात, एवढे ध्यानात आले की निम्मा गोंधळ मिटतो.

सगळे धोक्याचे प्रकार सारखे नसतात. जर्मन विषाणुशास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने 1983 मध्ये 16 आणि पुढच्या वर्षी 18 हा प्रकार कर्करोगाच्या ऊतींतून वेगळा केला. 2008 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. जगभरच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे 70 टक्के या दोन प्रकारांच्याच माथी आहेत. त्यामुळे नुसते ‘पॉझिटिव्ह’ लिहून प्रकार न सांगणारा रिपोर्ट मला अर्धवट वाटतो. त्याहून राग येतो तो 6 आणि 11 हे प्रकार तपासून पॅकेजची किंमत फुगवण्याचा. ते चामखिळी आणतात, आणि कर्करोगाच्या तपासणीत त्यांना स्थान नाही.

एकच चाचणी परवडत असेल तर तिशीनंतर मी निःसंकोच एचपीव्ही डीएनए चाचणी सुचवीन. एकदाच केलेल्या पॅपमध्ये पूर्वावस्थेतले बरेच बदल निसटतात. एचपीव्ही चाचणीत ते क्वचित निसटतात, म्हणून तिच्या निगेटिव्ह निकालावर अधिक काळ विसंबता येते. पुरावा आपल्याच राज्यातला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या 1 लाख 31 हजारांहून अधिक ग्रामीण स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात एचपीव्ही चाचणीच्या एकाच फेरीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पॅप आणि गर्भाशयमुखाला व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी केलेल्या तपासणीच्या गटांत तशी ठळक घट दिसली नाही. जागतिक आरोग्य संघटनाही 2021 पासून सर्वसाधारण स्त्रियांसाठी वयाच्या तिशीपासून दर 5 ते 10 वर्षांनी हीच चाचणी सुचवते. शिवाय तिचा नमुना स्त्रीला स्वतःही घेता येतो, जे पॅपच्या बाबतीत जमत नाही.

आता टेबलावरच्या त्या दोन कागदांविषयी. 16 किंवा 18 पॉझिटिव्ह असेल तर पॅप नॉर्मल असली तरी पुढची पायरी कोल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून गर्भाशयमुखाची तपासणी, ही आहे, आणि तिथे संशयास्पद जागा दिसली तरच बायोप्सी, म्हणजे तिथला छोटा तुकडा काढून तपासणे. इतर धोक्याचा प्रकार असून पॅप नॉर्मल असेल तर सहसा वर्षभराने पुन्हा चाचणी करतात. नवऱ्याकडे किंवा बायकोकडे बोट दाखवायला हा कागद निरुपयोगी आहे, कारण लैंगिक संबंधांतून पसरणारा हा संसर्ग वर्षानुवर्षे लपून राहू शकतो आणि तो केव्हा झाला हे चाचणी सांगत नाही. आणि केवळ एचपीव्ही पॉझिटिव्ह आला म्हणून ‘पिशवीच काढून टाका’ असा सल्ला कोणी दिला, तर ऑपरेशनची तारीख घेण्याआधी दोन्ही रिपोर्ट घेऊन दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे.