स्थिर डोके, चालते पाय

झुडपाच्या एका बाजूने बाहेर पडलेला तितर उघडी पायवाट ओलांडून दुसऱ्या बाजूच्या गवतात शिरतो, तेव्हा छायाचित्रकाराच्या हाती जेमतेम दोन सेकंद असतात. या दोन सेकंदांसाठी बहुतेक जण पहिला उपाय करतात तो शटरचा वेग वाढवण्याचा. तो आवश्यक आहेच, परंतु त्याची मर्यादा साध्या गणिताने कळते. सेकंदाला ३ मीटर वेगाने आडवा धावणारा पक्षी एका सेकंदाच्या हजाराव्या भागात ३ मिलिमीटर पुढे सरकतो. तो १० मीटरांवर असेल आणि लेन्स ५०० मिलिमीटरची असेल, तर कॅमेऱ्याच्या संवेदकावर हे सरकणे सुमारे ०.१५ मिलिमीटर भरते, म्हणजे तीसएक पिक्सेल. लाव्यासारख्या लहान पक्ष्याच्या डोळ्यातील चमक पुसून टाकायला एवढे पुरेसे आहे. शटरचा वेग चौपट केला, तरी सात-आठ पिक्सेलांचा फराटा उरतोच, आणि पहाटेच्या मंद प्रकाशात तो वेग परवडतही नाही. पक्ष्याच्या गतीबरोबर कॅमेरा फिरवण्याच्या पद्धतीने, म्हणजे पॅनिंगने, हा फराटा बराच कमी होतो; मात्र वाकडीतिकडी वाट काढणाऱ्या पक्ष्यापुढे तिचाही निभाव लागत नाही.

खरी मदत मिळते ती पक्ष्याकडूनच. कबुतर, कोंबडी किंवा लावा चालताना मान पुढेमागे हलवतात असे आपल्याला वाटते, पण प्रत्यक्षात डोके मागे जातच नाही. पक्षी डोके झटक्यात पुढे नेतो आणि मग शरीर पुढे सरकत असतानाही ते भोवतालच्या संदर्भात जागच्या जागी धरून ठेवतो. शरीर डोक्याला गाठते आणि डोके पुन्हा पुढे जाते. १९७८ साली संशोधक बॅरी फ्रॉस्ट यांनी कबुतरांना सरकत्या पट्ट्यावर चालवले. पाय चालत होते, पण भोवतालचे दृश्य डोळ्यांसमोरून सरकत नव्हते. तेव्हा मानेचे हे हलणे थांबले. त्यावरून असे दिसले, की ही हालचाल चालीचा तोल सांभाळण्यापेक्षा दृष्टिपटलावरील प्रतिमा स्थिर ठेवण्यासाठी होते. चालता चालता भक्ष्य आणि शत्रू दोन्ही शोधायचे, तर डोळ्यांना क्षणभर तरी थांबलेले जग लागते.

छायाचित्रकाराच्या दृष्टीने याचा अर्थ फार मोलाचा आहे. पाय आणि छाती हलत असतानाही डोळा अधूनमधून खरोखर थांबलेला असतो. सलग दहा-पंधरा छायाचित्रे घेतली, तर त्यांतील काही या थांबलेल्या क्षणांत पडतात, आणि डोळा रेखीव असलेल्या चित्रात पाय थोडे पुसट झाले तरी ते दोष वाटत नाहीत, उलट चाल दाखवतात. मात्र ही सवलत चालत्या पक्ष्यापुरती आहे. वेगाने पळताना डोके असे धरून ठेवणे कमी होत जाते. टिटवी, चिखल्या आणि धाविक यांची रीत त्याहून सोयीची आहे, कारण हे पक्षी थोडे धावतात, थबकतात, जमिनीवर टोच मारतात आणि पुन्हा धावतात. त्यांच्यामागे कॅमेरा फिरवत राहण्यापेक्षा पुढचा थांबा कुठे येईल याचा अंदाज घेऊन तिथे फोकस तयार ठेवणे मला अधिक फलदायी वाटते. हा थांबा लय धरूनच येतो, आणि काही मिनिटे नुसते पाहत राहिले की ती लय कळू लागते.

त्याआधी जवळ पोचण्याचा प्रश्न असतो. जमिनीवर राहणाऱ्या बहुतेक पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्यांना दोन्ही बाजूंचे आणि बरेचसे मागचेही दिसते. वुडकॉक या लांब चोचीच्या पक्ष्याला तर मान न वळवता जवळजवळ पूर्ण वर्तुळ दिसते. अशा पक्ष्याला मागून गाठण्याची कल्पनाच चुकीची आहे. जवळ येणाऱ्या प्राण्यापासून पक्षी कोणत्या अंतरावर पळ काढतो, याचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. हे अंतर ठरावीक नसते. आडोसा किती दूर आहे, चारा किती चांगला आहे आणि येणारा सरळ अंगावर येतो आहे की कडेने जातो आहे, यांचा त्यावर परिणाम होतो. म्हणून पाठलाग सोडून लपणात बसणे आणि पक्ष्याला स्वतःहून येऊ देणे हा मार्ग जुना असूनही आजवर टिकला आहे. रिचर्ड आणि चेरी कीअर्टन या इंग्रज बंधूंनी सुमारे १९०० साली चक्क पोकळ बैल बनवून त्याच्या पोटात कॅमेऱ्यासह बसण्याची सोय केली होती. दचकवणारी वस्तू नव्हे, तर दचकवणारी हालचाल लपवायची, हे त्यांना नेमके उमगले होते.

लपणात कॅमेरा जमिनीलगत ठेवण्याचे कारण केवळ सौंदर्याचे नाही. लेन्स पक्ष्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आली, की त्याच्या मागची जमीन दूर जाते आणि गवताची गर्दी विरघळते. ५०० मिलिमीटरच्या लेन्सने एफ ५.६ या छिद्रावर (म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या झरोक्याच्या या मापावर) १० मीटरांवरील पक्षी टिपताना जेमतेम १३ सेंटिमीटर खोलीचा पट्टा रेखीव येतो, आणि अंतर ६ मीटरांवर आले की तो ५ सेंटिमीटरांच्या आत जातो. फोकस डोळ्यावरच हवा, हा आग्रह त्यातून येतो. पण जमिनीलगतच्या हवेत एक अडचण दडलेली आहे: ऊन चढले की तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, प्रकाशकिरण वेडेवाकडे वळतात आणि कितीही महाग लेन्स असली तरी पिसे लोण्यासारखी दिसतात. सूर्योदयानंतरचा पहिला तास-दीड तास म्हणूनच जपावा.

पक्षी हलत नाही म्हणजे तो निवांत आहे, असे मात्र समजू नये. अंड्यांवर बसलेल्या टार्मिगन या थंड प्रदेशातील, जमिनीवर राहणाऱ्या पक्ष्याच्या माद्यांवर नॉर्वेत झालेल्या अभ्यासात माणूस जवळ येताच मादी गोठल्यासारखी स्थिर राहिली आणि तिच्या हृदयाचे ठोके मंदावले. बाहेरून शांत दिसणारे ते शरीर आतून धोक्याला प्रतिसाद देत होते. म्हणून घरट्याजवळ मिळणारी ‘सोपी’ छायाचित्रे मला स्वीकारता येत नाहीत; मादी उठली, तर अंडी उन्हाला आणि शत्रूंना उघडी पडतात. ध्वनिमुद्रित साद वाजवून पक्ष्याला बोलावणेही त्याच कारणासाठी टाळावे, कारण नर आपला चारा आणि पहारा सोडून नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला शोधत येतो.

काही पक्ष्यांसमोर तर माणसाने नसणेच योग्य असते. आंध्र प्रदेशातील काटेरी झुडपी रानात रात्री वावरणारा जेर्डनचा धाविक १९०० नंतर दिसेनासा झाला होता आणि १९८६ साली पुन्हा सापडला. त्याच्या पुढच्या शोधात संशोधकांनी झुडपांमधील मोकळ्या जागी बारीक मातीचे पट्टे तयार केले, त्यांवर उमटलेली पावले तपासली आणि स्वयंचलित कॅमेरेही लावले. अशा कॅमेऱ्यांत उष्णतेतील बदल ओळखणारा संवेदक वापरला, तर लहान, चपळ पक्षी चित्र निघेपर्यंत चौकटीबाहेर गेलेला असू शकतो. वाटेवर आडवा अदृश्य किरण सोडला आणि तो तुटताच शटर उघडले, तर हा उशीर बराच टळतो.