डग्गा खोलीतच होता, आपली खुर्ची चुकली होती

मागच्या रविवारी पुण्यातल्या एका ऑडिओ डीलरकडे लिसनिंग सेशनला गेलो होतो. साडेसहा लाखांची स्पीकरची जोडी, जवळपास तेवढ्याच किमतीचा ॲम्प्लिफायर, वीस बाय चौदाची एसी खोली आणि बरोब्बर मधोमध मांडलेल्या खुर्च्या. तबला सोलो लावला. चाट काय, तिरकिट काय, बोटं दिसावीत इतकं स्वच्छ! पण डग्गा कुठाय? घिस्सा घेताना, म्हणजे डग्ग्यावर मनगट दाबत-घासत नेताना, तर सूर वर चढता चढता मधेच बारीक व्हायचा आणि पुन्हा यायचा, आणि कुठलाही तबलजी असं वाजवत नाही. कुणीतरी विचारलंच तर उत्तर मिळालं की स्पीकर नवीन आहेत, अजून मोकळे व्हायचेत, थांबा आपण केबल बदलून बघू. तेवढ्यात मी पाणी प्यायला उठलो, मागच्या भिंतीपाशी गेलो, आणि तिथे डग्गा भरभरून घुमत होता! तेच रेकॉर्डिंग, तीच केबल, फक्त मी दहा फूट मागे सरकलेलो.

हे का होतं ते मला अगदी मनापासून सांगायचंय कारण शाळेत शिकलेलं भौतिकशास्त्र इतकं कानाला लागून फार कमी वेळा भेटतं.

आवाज म्हणजे हवेच्या दाबातली वर-खाली. स्पीकरमधून निघालेली लाट मागच्या भिंतीवर आपटते आणि परत फिरते, म्हणजे खोलीत एक जाणारी आणि एक येणारी अशा दोन लाटा एकमेकींवर चढतात. एरवी त्यांचं काही जमत नाही, पण खोलीच्या लांबीत लाटेची अर्धी लांबी नेमकी बसली (किंवा दोन अर्ध्या, तीन अर्ध्या) की लाट जागच्या जागी उभी राहते. तंबोऱ्याच्या तारेसारखंच, फक्त उलटं. तार दोन्ही टोकांना बांधलेली म्हणून टोकं स्थिर आणि मधला भाग हलणारा. खोलीत भिंतीपाशी हवेला पुढेमागे हलायला जागाच नसते, म्हणून तिथे हवा दाबली जाते, सुटते, दाबली जाते, आणि कान तर दाबच ऐकतो, त्यामुळे आवाज भिंतीपाशी सगळ्यात मोठा. आणि पहिल्या उभ्या लाटेत बरोब्बर मधोमध दाब जवळजवळ शून्य.

आकडे काढणं सोपं आहे. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, म्हणजे साधारण ११२५ फूट. त्याचं अर्धं ५६३. ह्याला खोलीच्या लांबीने फुटांत भागा. वीस फुटांसाठी पहिली उभी लाट आली २८ हर्ट्झला (म्हणजे सेकंदाला २८ कंपनं), मग त्याची दुप्पट ५६, तिप्पट ८४. आता मधल्या खुर्चीवर बसा. २८ गायब, ५६ फुगलेला, ८४ गायब. डग्ग्याचा मूळ सूर साधारण ह्याच ऐंशी-नव्वदच्या भागात फिरतो, मनगट दाबलं की वर चढतो, म्हणजे घिस्सा ८४ वरून जाताना मधल्या खुर्चीवाल्यासाठी खड्ड्यात पडतो आणि पलीकडे बाहेर येतो. अक्षरशः तेच ऐकू येत होतं!

वरचे सूर असं का करत नाहीत? करतात, पण तिथे उभ्या लाटा इतक्या दाट असतात की एकीचा खड्डा दुसरी भरून काढते. ही सीमा कुठे ते जर्मन ध्वनिशास्त्रज्ञ मानफ्रेड श्रोडर ह्यांच्या सूत्राने काढता येतं, खोलीचं घनफळ आणि आवाज विरायला लागणारा वेळ त्यात घालायचा, आणि दहा फूट उंच छत, विरायचा वेळ अर्धा सेकंद धरला तर ह्या खोलीसाठी ती साधारण १६० हर्ट्झवर येते. त्याच्या खाली खोली स्वतःच एक वाद्य आहे.

विरण्याच्या वेळाचा हिशोब वॉलेस सॅबाइन ह्यांचा. १८९५ मध्ये हार्वर्डच्या फॉग म्युझियममधल्या लेक्चर हॉलमध्ये बोललेला शब्द पाच-साडेपाच सेकंद रेंगाळायचा, कुणाला काही कळायचं नाही. हा तरुण प्राध्यापक जवळच्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायचा, ऑर्गनची नळी वाजवून आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजायचा आणि सकाळच्या आत गाद्या परत. त्याच अभ्यासावर १९०० साली बॉस्टनचा सिम्फनी हॉल उभा राहिला. गाद्या मोजून!

आता केबलचं बोलतो, कारण ह्या नावाखाली लोकांकडून हजारो रुपये काढले जातात आणि मला त्याचा खरंच राग येतो. घरातल्या प्लग पॉइंटची अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घ्या. स्पीकरपर्यंत तीन मीटर, जाऊन-येऊन सहा मीटर, रोध सुमारे ०.०४ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरपुढे ह्याने आवाज कमी होतो ०.०४ डेसिबल. कानाला फरक कळायला साधारण एक डेसिबल तरी लागतो. आणि मधल्या खुर्चीतला खड्डा? तो पंधरा-वीस डेसिबलचा सहज असतो. केबलला दिशा असते, केबल पिकावी लागते वगैरे सांगणाऱ्याला शांतपणे विचारा, डोळे बांधून ओळखाल का?

भिंतीला फोम लावूनही हे जात नाही. ८४ हर्ट्झची लाट तेरा फुटांहून लांब, तिला दोन इंची फोम म्हणजे काहीच नाही. कोपऱ्यात फूट-दोन फूट जाडीचं शोषक ठेवलं तर फरक पडतो, पण सगळ्यात आधी खुर्ची हलवा. मधोमध नको, भिंतीला चिकटूनही नको, मागच्या भिंतीपासून साधारण एक तृतीयांश लांबीवर बसून बघा. आणि दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये, जिथे छतही जवळपास दहा फुटांवर, तिथे तिन्ही बाजूंचे सूर ५६ वर एकत्र येतात, म्हणून ती खोली गाण्यासाठी शक्यतो टाळा.

घरी आल्यावर मी टेप घेऊन आमची खोली मोजली, अकरा फूट, म्हणजे ५१ हर्ट्झ. मोबाइलवरच्या टोन जनरेटर ॲपमधून तो सूर स्पीकरला जोडून लावला (मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरला इतका खालचा सूर झेपत नाही) आणि खोलीभर हळूहळू चाललो. भिंतीपाशी छातीत हलतंय आणि साडेपाच फुटांवर, जिथे माझी वेताची खुर्ची गेली आठ वर्षं आहे तिथे, जवळजवळ शांतता. खुर्ची दीड फूट मागे घेतली आणि तोच तबला पुन्हा लावला.