शिंपला ठणठणीत, पाणी मात्र…

नागपूरच्या टाकळीत लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या खडकात गोड्या पाण्यातले शिंपले आणि गोगलगायी दगड होऊन बसल्या आहेत. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी १८६० मध्ये त्यांचं वर्णन छापलं. आपलं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. विदर्भातल्या तलावांच्या चिखलात शिंपले आजही आहेत. कवच टणक म्हणून टिकले, असं सहज वाटतं. पण कवच मिटून बसणार तरी किती वेळ? श्वासासाठी, पोटासाठी ते उघडावंच लागतं, आणि मग पाण्यात जे असेल ते कल्ल्यांवरून जातं. पळून जायची सोय नाही. त्यामुळे खरी लढाई पेशीत.

ती उलगडली तुकड्यातुकड्यांनी, तीही भलत्याच प्राण्यांत. १९५७ मध्ये घोड्याच्या मूत्रपिंडात कॅडमियम हा विषारी धातू धरून ठेवणारं मेटॅलोथायोनीन हे प्रथिन सापडलं. १९६२ मध्ये इटलीत शास्त्रज्ञ रितोसा यांना दिसलं की उष्णता वाढली की फळमाशीच्या पेशी ठरावीक जनुकं जागी करतात. (नवतप्यात आपण दुपट्टा बांधतो, पेशी इतर प्रथिनांची घडी विस्कटू नये म्हणून मदतनीस प्रथिनं कामाला लावते.) दोन्ही गोष्टी पुढे शिंपल्यातही आढळल्या.

पण खरी गंमत तिसऱ्या तुकड्यात आहे. १९७६ मध्ये कॅनडात ज्युलियानो आणि लिंग यांना औषधाला दाद न देणाऱ्या हॅमस्टरच्या (उंदरासारखा प्राणी) पेशींवर पी-ग्लायकोप्रोटीन हे प्रथिन सापडलं. नंतर कळलं, हा पंप आहे: शिरलेलं विष आत काही करायच्या आधीच बाहेर फेकतो. काही कॅन्सर केमोथेरपीला जुमानत नाहीत, त्याचं एक कारण हेच. १९८९ मध्ये झाग्रेबच्या ब्रँको कुरेलेक यांना अशाच यंत्रणेच्या खुणा गोड्या पाण्यातल्या शिंपल्यात मिळाल्या. किल्ली होती व्हेरापामिल, म्हणजे रक्तदाबाचं औषध; ते पंप अडवतं. कल्ल्याचा तुकडा रोडामिन या चमकत्या रंगात ठेवला तर फिकट राहतो. व्हेरापामिल घातलं की रंग आत साचतो आणि तोच तुकडा उजळून निघतो.

गोची इथेच आहे. १९७५ मध्ये गोल्डबर्ग यांनी शिंपल्यांना सागरी प्रदूषणाचे पहारेकरी नेमायची कल्पना मांडली. धातूंपुरती ती चोख, कारण धातू अंगात अडकून राहतो. पंपाने फेकलेल्या विषाचं काय? ते मांसात पुरतं सापडायचंच नाही.

आणि पंपच तुंबला तर? २००५ मध्ये लुकेनबाख आणि एपेल यांनी कॅलिफोर्नियाच्या शिंपल्यांचे कल्ले कृत्रिम कस्तुरीच्या पाण्यात दीड तास ठेवले. ही कस्तुरी साबणात, धुण्याच्या पावडरीत, अत्तरात सुवासासाठी घालतात. नाग नदीत उतरणाऱ्या सांडपाण्याचा बराचसा भाग अशाच धुण्या-न्हाण्याचा. कस्तुरी स्वतः फारशी विषारी नाही, पण पंप अडवते. कल्ले स्वच्छ समुद्राच्या पाण्यात २४ ते ४८ तास ठेवले, तरी पंप पूर्णपणे सुटले नाहीत.